सूनबाईचे बेचाळीस वॉट

पडद्यावरचा आकडा एकशे नव्वदवर गेला, तशी पोहण्याच्या तलावामागची ती लांबट खोली एकदम उभी राहिली. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते आधीपासून उभेच होते. त्यांनी टाचा उंचावल्या. खोलीच्या मधोमध लोखंडी घोडीवर अडकवलेली एक सायकल होती. तिचं मागचं चाक एका रुळावर फिरे, त्यामुळे कितीही पेडल मारलं तरी सायकल जागची हलत नसे. तिच्यावर माझी सून बसली होती. चेहरा टोमॅटोसारखा, केस कपाळाला चिकटलेले आणि डाव्या घोट्यावर तांब्याचं एक जाड कडं.

"तीन आठवड्यांपूर्वी एकशे अठ्ठेचाळीस," सगळे ज्यांना वॉटगुरू म्हणत ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आज एकशे नव्वद. बेचाळीस वॉट कुठून आले? मी दिले नाहीत. मी फक्त दार उघडलं."

माझ्या शेजारी बसलेल्या दाताच्या डॉक्टरांनी डोळे पुसले. त्यांचे स्वतःचे एकोणचाळीस वाढले होते.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्या सुनेने चाळिशी ओलांडल्यावर ट्रायथलॉन नावाचं खूळ डोक्यात घेतलं. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं आणि मध्ये कुठेही बसायचं नाही. मला विचाराल तर घरात सून म्हणून येणारी प्रत्येक बाई हे रोजच करते. पण तिला ते तळ्यात आणि रस्त्यावर करायचं होतं. मला तिचं कौतुकच वाटायचं. अशा लोकांमध्ये सायकलची एक परीक्षा असते. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, पायांनी सरासरी किती जोर लावला तो वॉटमध्ये मोजायचा आणि त्यातून थोडं वजा करून आपली कुवत ठरवायची. त्या कुवतीवर सगळा सराव बेततात. पूर्वी आमच्या शाळेत मुलं जिना धावत चढून हेच मोजायची. वजन, जिन्याची उंची आणि घड्याळ, एवढ्यावर काम भागे. मी त्या शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. जिन्याच्या खाली घड्याळ धरून उभी राहणारी मीच.

वॉटगुरू नेहमी पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये असत. गुरू होण्याआधी ते घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, असं कुणीतरी म्हणालं. खरं असावं, कारण त्यांच्या बोलण्यात दार लावून घेतलेल्या माणसाला पुन्हा दार उघडायला लावायची चिकाटी होती. त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या दिवशी साधी परीक्षा घ्यायची, आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायचा. मग तीन आठवडे कडं घालून साधना. आणि मग पुन्हा परीक्षा. साधनेचा मंत्र मी इतक्या वेळा ऐकला की पाठ झाला. शक्ती डावीकडून चढते, तांबं तिला बोलावतं, म्हणून सगळं लक्ष डाव्या पायात न्या, डाव्या पायाने पृथ्वीला खाली दाबा. उजवा पाय हा पाहुणा आहे. पाहुण्याला काम सांगू नका.

तीस-पस्तीस शिकलेली माणसं पाहुण्याला काम न सांगता पेडल मारत होती.

मला हे नवीन नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या गल्लीत एक माणूस पाप तोलायचा तराजू घेऊन आला होता. माणसाने पारड्यात उजवा हात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. प्रत्येकाचं पाप साधारण पाऊण किलो निघे. मावशीने डोळे मिटायला नकार दिला, तेव्हा तिचं पाप शून्य भरलं आणि त्याच्या अंगठ्याला काम उरलं नाही. त्यावरून मावशीला गल्लीत पुढे वर्षभर साध्वी म्हणत.

तर खुळं मी पुष्कळ पाहिली होती, आणि हेही मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या एकशे नव्वदच्या दुसऱ्या दिवशी सून भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढून आली आणि दारात भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या छातीतून शिटी वाजत होती. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. ओढायच्या औषधाचा एक पंप ती रोज सकाळ-संध्याकाळ घेते.

मी विचारलं, "पंप घेतला नाहीस का गं?"

"ड्रॉवरमध्ये आहे. तीन आठवडे झाले, बंद केलाय."

"कुणाला विचारून?"

"गुरुजी म्हणाले, बाहेरची हवा आत ढकलली की आतली शक्ती रुसते."

"आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"त्यांना वॉटमधलं काय कळतं, आई?" ती पाणी प्यायला आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "तुम्ही एकतीस वर्षं आकडे लिहून घेतलेत. आकडा खोटं बोलतो का?"

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा वर्तमानपत्राच्या मागे होता. आम्हा दोघींमध्ये काही चाललं की तो इतका बारीक अक्षरातला मजकूर वाचतो, की नोकरीच्या जाहिरातीही सोडत नाही.

शर्यत पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी होती. दीड किलोमीटर गार पाण्याचं तळं. तिचा श्वास तळ्याच्या मधोमध अडकला असता, तर त्या तांब्याच्या कड्याचा उपयोग झाला असता तो एकच, लवकर तळाशी पोहोचायला. मला त्या रात्री झोप आली नाही असं मी म्हणणार नाही, मला या वयात तशीही येत नाही. पण उपदेश करून काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं. सासूचा उपदेश आणि सुनेची श्रद्धा यांच्या झटापटीत श्रद्धाच जिंकते. तिला तिच्याच आकड्याने उत्तर द्यायला हवं होतं, आणि आकड्यात काय गोम आहे ते मला सापडत नव्हतं.

ते सापडलं माझ्या गुडघ्यामुळे.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या खोलीत गेले आणि पुढच्या खुर्चीत बसून बहुधा फारच शंकेखोर चेहरा केला. वॉटगुरूंनी तो हेरला. संशयी म्हाताऱ्या बाईला सायकलवर बसवून दाखवणं ही त्यांना पर्वणीच वाटली असावी. आजींचं वय किती, बहात्तर, बघा, बहात्तर वर्षांत शक्ती कुठे जात नाही, ती फक्त झोपते, असं सांगत त्यांनी माझ्या डाव्या घोट्याला कडं चढवलं. सुनेने धरून मला खोगिरावर बसवलं. बसवताना कानात म्हणाली, "हळू मारा, आई. पडाल." राग असला तरी तिने तेवढ्या वेळात खोगीर माझ्या उंचीला खाली घेतलं होतं.

माझा उजवा गुडघा सहा वर्षांपासून सुट्टीवर आहे. मी उजवा पाय नुसता पेडलवर ठेवला आणि सगळा भार डाव्यावर टाकला. शिवणयंत्र चालवलेला पाय आहे तो. अर्धा मिनिट मी दात आवळून दाबत राहिले.

पडद्यावर आलं एकशे बासष्ट.

खोलीत टाळ्या झाल्या. दाताचे डॉक्टर म्हणाले की त्यांनी असं काही पाहिलेलं नाही. मागे कुणीतरी माझा फोटो काढला. सुनेचं तोंड उघडंच राहिलं, कारण पहिल्या दिवशीच्या तिच्या आकड्यापेक्षा तो चौदाने जास्त होता. तिचा वीस मिनिटांचा आणि माझा अर्ध्या मिनिटाचा, हे खरं. तरीही मी, जी अंघोळीच्या बादलीतलं पाणी अर्धं ओतून मग बादली उचलते, ती एका चाळिशीच्या कसलेल्या बाईच्या पुढे गेले होते. मला अभिमान वाटायला हवा होता. मला आला संशय. काटा इतका खूष होतो, तेव्हा काट्याकडे बघायचं असतं.

खाली उतरता उतरता मी विचार केला. मी फक्त डाव्याने दाबलं. बाकीचे सगळेही फक्त डाव्यानेच दाबतात. मग उजव्याने दाबलं तर?

मी तसं म्हणाले. वॉटगुरू हसून म्हणाले की त्याची गरज नाही. मी म्हटलं, माझा गुडघा चालत नाही, सूनबाई करेल. ते म्हणाले, एकट्या उजव्याने केलं तर शक्ती बिथरते. पण सून माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत गुरूवरची श्रद्धा कमी आणि सासूला खोटं पाडायची हौस जास्त होती. देवाने सुनांना ही हौस दिली आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे. ती कडं घालून सायकलवर चढली, डावा पाय बाजूच्या स्टुलावर ठेवला, उजवा पाय पेडलला नीट अडकवला आणि एका पायाने फिरवू लागली.

चाक घुमत होतं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. पडद्यावर शून्य होतं.

"पाहिलंत," वॉटगुरू लगेच म्हणाले, "कडं डावीकडे आहे. उजवीकडे शक्ती येणार कशी?"

उत्तर वाईट नव्हतं. चार माणसांनी मान डोलावली. मी म्हटलं, "मग कडं उजव्या पायात घाला."

गुरुजी काही बोलण्याआधी दाताच्या डॉक्टरांनीच पुढे होऊन कडं बदललं. भक्त असला तरी माणूस रोज दुखरा दात शोधतो. एक ठोकून दुखलं नाही की दुसरा ठोकायचा, ही सवय जात नाही. सून पुन्हा उजव्या पायाने फिरवू लागली. शून्य.

"आता कडं काढ," मी म्हटलं, "आणि नुसत्या डाव्याने मार."

कडं दाताच्या डॉक्टरांच्या मुठीत होतं. सुनेने उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि डाव्याने दाबलं. एकशे ऐंशी. एकशे शहाण्णव. दोनशे चार. डॉक्टर मूठ उघडून कड्याकडे बघत राहिले.

मी मागे वळून विचारलं, सायकलींची देखभाल कोण करतं? दाराजवळ एक मिस्त्री उभा होता. हातात पाना होता आणि चेहऱ्यावर जेवायची वेळ टळल्याचं दुःख. तो पुढे आला, वाकला आणि डाव्या पेडलच्या दांड्याला आतून चिकटलेली काडेपेटीएवढी एक काळी डबी दाखवली.

"मीटर हे," तो म्हणाला. "पेडल दाबलं की दांडा केसाएवढा वाकतो. ते ही डबी मोजते."

"उजव्या दांड्याला?"

"तिकडे नाही. दोन्हीकडचं महाग पडतं. हे डाव्याचं मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं. माणूस दोन्ही पायांनी जवळजवळ सारखंच मारतो ना, मग चालून जातं."

मग दाताच्या डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं की हे त्याला कधीपासून माहीत होतं.

"मीच बसवलंय," मिस्त्री म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

म्हणजे हिशेब सोपा होता. पहिल्या दिवशी माणूस दोन्ही पायांनी चालवी, त्याचा खरा आकडा येई. मग तीन आठवडे त्याला शिकवायचं की पाहुण्याला काम सांगू नको. उजव्याचा जोर कमी होई, डाव्याचा वाढे, आणि यंत्र तो वाढलेला डावा प्रामाणिकपणे दुप्पट करी. शक्ती तेवढीच राही, नुसती एका पायातून दुसऱ्यात जाई. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते एकाच पायाचं ऐकत होतं, आणि गुरुजींना तो पाय कोणता ते ठाऊक होतं.

वॉटगुरू म्हणाले की विज्ञानाला अजून पुष्कळ गोष्टी कळायच्या आहेत. खरंच आहे. त्या शोधायला ते त्याच दुपारी निघून गेले, पडदा मागे ठेवून.

लोक माझ्यावर नाराज झाले, हेही लिहायला हवं. गुरूवर फारसं कुणी चिडलं नाही. एक बाई मला म्हणाल्या, माझे तेहतीस वॉट होते हो, तुम्ही कशाला बघितलंत. दाताचे डॉक्टर म्हणाले, पण मला खरंच हलकं वाटत होतं. मी म्हटलं, वाटत असेल, तुम्ही तीन आठवडे रोज व्यायाम केलात. तो कड्याच्या नावावर का जमा करता?

दोन दिवसांनी मिस्त्रीने स्वतःची, दोन्हीकडून मोजणारी पेडलं आणली आणि सुनेने वीस मिनिटांची परीक्षा पुन्हा दिली. मी घड्याळ धरलं. आकडा आला एकशे एकोणचाळीस. पहिल्या दिवसापेक्षा नऊने कमी. एवढी मेहनत करून कमी. ती सायकलवरून उतरलीच नाही, हँडलवर डोकं ठेवून बसली, आणि तिच्या श्वासाची शिटी मला चार हातांवरून ऐकू येत होती.

मी काही बोलले नाही. आयुष्यात मोजक्या वेळा मला हे जमलंय, त्यातली ही एक.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना किती वाजता उघडतो?"

डॉक्टरीणबाई तिला आधी रागावल्या, मग तपासून पंप पुन्हा सुरू केला आणि पोहण्याआधी तो कसा घ्यायचा ते नीट समजावून दिलं. शर्यतीपर्यंत जेमतेम चार आठवडे उरले होते. शर्यतीच्या आदल्या गुरुवारी पुन्हा मोजलं तेव्हा एकशे त्रेपन्न भरले. पहिल्या दिवसापेक्षा पाच जास्त. बेचाळीसाच्या मानाने पाच म्हणजे काहीच नाही. पण ते पाच दोन्ही पायांचे होते आणि तिचे होते. घरी येईपर्यंत तिने ते मला तीनदा सांगितलं.

शर्यतीत ती शेवटून सातवी आली. तळ्याच्या काठावर मी आणि मुलगा उभे होतो. ती पाण्याबाहेर आली, वाकली, दोन मोठे श्वास घेतले आणि सायकलकडे पळाली. मुलगा म्हणाला, "हिला दम कसा लागत नाही?" मी म्हटलं, "लागतो. ती औषध घेते."

मला तुमच्याकडे मागायचं आहे ते थोडंच आहे. कुणी तुम्हाला वाढलेला आकडा दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, हे नेमकं काय मोजतंय आणि कुठे. जवळ एखादा मिस्त्री उभा असेल, त्याला विचारा; तो बहुतेक वाटच बघत असतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, सांगणारा कितीही पांढरे कपडे घालत असो. आणि चमत्कार झालाच, तर कडं काढून तोच प्रयोग पुन्हा करून बघा. जे खरं असतं, त्याला दुसऱ्यांदा करून दाखवायला लाज वाटत नाही.