पोटात पाय, पाठीवर पिवळा ठिपका

इकडे, इकडे! तुमच्या पायाजवळच्या खडकावर बघा. वाटाण्याएवढी, करड्या शंखाची, पाठीवर पिवळा ठिपका असलेली. मीच बोलतेय, समुद्रातली गोगलगाय. आज मला गप्प बसवतच नाहीये, कारण माझ्यावर प्रबंध झालाय, प्रबंध! तुमच्यापैकी कितीजणांवर झालाय?

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण तुम्ही आमच्या माथी मारलीत. वरून गरीब, आतून लबाड, असं तुम्हाला म्हणायचं असतं. पाय पोटात आहेत हे खरं, पण लबाडी कुठली? आम्ही सगळं उघड्यावर करतो. बघणाऱ्याला दिसलं नाही, तर त्याला आम्ही काय करणार?

माझा जन्म पाण्यातला. आधी मी डोळ्यांना दिसणारही नाही एवढा कण होते, लाट नेईल तिकडे जायचे. मग एका खडकाला चिकटले आणि तिथेच वाढले. भरतीला डोक्यावरून पाणी जायचं, ओहोटीला ऊन असं तापायचं की खडकाचा तवा व्हायचा. अशा वेळी जीव कसा वाचवायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी येत होतं. ते कसं, ते सांगतेच.

एका ओहोटीला गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेली एक मुलगी आली. खडकावर पोटावर झोपून आमच्याकडे बघत बसली. मग तिनं मला आणि माझ्या शेजारणींना अलगद सोडवलं आणि बादलीत घातलं. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला काचेच्या टाक्या, पंपांची अखंड घरघर आणि खिडकीत वाळत घातलेली जाळी. तिनं आम्हाला निम्मं निम्मं वाटलं. अर्ध्याजणी थंड पाण्याच्या टाकीत, अर्ध्या गरम पाण्याच्या. "समुद्र तापत चाललाय. पुढे तो असा होईल," ती गरम टाकीवर टिचकी मारून म्हणाली. "त्यात या कशा जुळवून घेतात, ते मला शोधायचंय." मी गरम टाकीत होते. पुढच्या काळातल्या समुद्रात मी तुमच्या आधी राहून आले म्हणायचं!

आम्हाला ओळखायचं कसं? ताईनं प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला. माझा पिवळा, शेजारणीचा लाल. एका दुपारी धाकटी तणतणत आली. "ताई, माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या कुठंयत?" मग तिचं लक्ष टाकीकडे गेलं. "अगं, मी एकदाच लावलं होतं ते पिवळं! आणि तू या शेंबड्यांना लावलंस?" ताई हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र 'शेंबड्या' लागलं. त्या शेंबडावरच पुढे सगळं रामायण घडणार होतं.

गरम टाकीत पाणी सतत गरम, ओहोटी कधी नाहीच. मग तापलेल्या खडकावर करायचो तेच ठेवणीतलं काम आम्ही सुरू केलं. काचेवरून चढत पाण्याबाहेर यायचं, शंखात शिरून झाकण लावायचं आणि त्याच शेंबडाच्या चिकट धाग्यानं शंखाची फक्त कड काचेला चिकटवून लटकायचं. बाकी अंग हवेत. मग कशी गारगार झोप लागते!

आणि सकाळी ताई यायची. "पळपुट्या कुठल्या!" म्हणत एकेकीला बोटानं सुटं करून परत गरम पाण्यात टाकायची. अगदी मायेनं, हं. भिंतीवर कागदच चिकटवला होता: 'प्राणी पाण्याबाहेर दिसल्यास त्वरित पाण्यात सोडावा.' कधीतरी एक मासा टाकीतून उडी मारून गेला होता, तेव्हापासून तो नियम. माशासाठी केलेला नियम आम्हाला लागू! आम्ही पुन्हा चढायचो, पुन्हा धागा विणायचो, सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आमच्या नाकी नऊ आले.

चढून चढून लाल ठिपकेवाली थकली. एका सकाळी ती काचेवर नव्हती, तळाशी उताणी पडली होती. ताईनं तिला तळहातावर घेतलं. मला खूप रडू आलं, आमचं रडू पाण्यात दिसत नाही इतकंच.

ताईच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. आकडे पाहून म्हणाल्या, "गरम पाण्यात मरतात, हे सांगायला प्रबंध कशाला हवा? त्या जुळवून कशा घेतात, ते कुठंय?"

"शोधतेय, मॅडम."

"आढावा तोंडावर आलाय. त्यात काही दिसलं नाही, तर विषय बदलावा लागेल. इतकी वर्षं पाण्यात जातील गं तुझी."

मॅडम गेल्यावर ताई टाकीला कपाळ टेकून बसली. मी तिच्या नाकासमोर होते. ओरडून सांगत होते, 'अगं, काखेत कळसा अन् गावाला वळसा! हेच ते, हेच!' तिनं डोळे पुसले आणि मला उचलून पाण्यात टाकलं.

आढाव्याच्या धावपळीत ताई आजारी पडली. तापानं फणफणलेल्या आवाजात तिनं फोनवर शेजारच्या टेबलावरच्या खेकडेवाल्याला विनवलं. तो खेकड्यांवर संशोधन करतो, बोटांना कायम पट्ट्या. "सकाळी तेवढ्या पळपुट्या पाण्यात टाक रे." तो म्हणाला, "हो, हो, काळजीच करू नकोस." आणि त्यानं आम्हाला हातही लावला नाही! खेकड्यांचे चावे चालतात, पण आमच्या चिकटपणाची त्याला किळस.

आम्हाला सुट्टीच लागली! आम्ही सगळ्याजणी पाण्याच्या वर एका ओळीत लटकलो आणि निवांत झोपलो.

ताई परतली ती फिकुटलेली, गळ्याला मफलर. टाकी बघताच भडकली. "अरे, तुला सांगितलं होतं ना! मेल्या असतील सगळ्या!"

"मला नाही जमत ते लिबलिबीत," खेकडेवाला पुटपुटला.

तिचं बोट माझ्याकडे आलं. शंखाला टेकलं. आता ढकलणार! माझा जीव झाकणाआड गोळा झाला.

बोट थांबलं.

"गार आहे," ती म्हणाली. मग तिनं केसासारख्या बारीक तारेचा तापमापक आणला आणि माझ्या कडेला लावला. पाण्याला लावला. पुन्हा मला लावला. वाकून तो धागा पाहिला, माझा, शेजारणीचा, पलीकडचीचा. सगळ्याजणी सारख्याच लटकलेल्या. एकही मेली नव्हती!

"अरे, या पळत नाहीयेत," तिचा आवाज चिरकला. "या जुळवून घेतायत! आणि मी मूर्ख रोज ढकलत होते!" ताप विसरून ती जिन्यावरून धावली, मॅडमना हाताला धरून घेऊन आली.

मॅडम म्हणाल्या, "योगायोग नसेल कशावरून?" मग पुन्हा प्रयोग झाला. एका गरम टाकीतल्यांना थोडे दिवस ढकललं, दुसऱ्या गरम टाकीतल्यांना लटकून राहू दिलं. ढकललेल्या कोमेजल्या, आम्ही टुणटुणीत. मॅडमनी आकडे दोनदा वाचले. मग पेन काढून भिंतीवरच्या कागदावर लिहिलं, 'गोगलगायी सोडून.' तो नियम त्यांनीच लिहिलेला होता!

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ही दिशा तुम्हाला सुचली कशी?"

"मी आजारी पडले, सर," ताई म्हणाली. सगळं दालन हसलं. खेकडेवाला मागून म्हणाला, "आभारात माझी किळसही लिही." तिनं खरंच लिहिली. धाकटीच्या नेलपॉलिशचेही आभार मानले.

आज ओहोटीला ती मला घेऊन या खडकावर आली. आता ती डॉक्टर झालीय, पण विजार तशीच दुमडलेली. बाजूच्या डबक्यात पाणी चमकत होतं. सवयीनं तिचा हात तिकडे वळला. मग ती स्वतःशीच हसली आणि तिनं मला वर, कोरड्या दगडावर ठेवलं.

"तुला कळतं," ती म्हणाली. "जा."

ऊन चढू लागलंय, मला धागा विणायचाय. तेवढं एक मागणं ऐका. खडकावर आम्ही अशा लटकलेल्या दिसलो, की तुम्हालाही दया येईल, हात पुढे होईल. येऊ दे दया. फक्त ढकलण्याआधी बोट जरा थांबवा आणि बघा, आम्ही काय करतोय ते.