प्लस जमिनीला

माझं वाचन ऑडिओबुकच्या स्टुडिओतल्या बाईंना आवडलं होतं. माझ्या आवाजामागून जे घूं घूं येत होतं ते आवडलं नव्हतं. दोनदा त्यांनी नमुना परत पाठवला आणि दुसऱ्यांदा विचारलं, "तुमच्या खोलीत गिरणी आहे का हो?" तिसरा नमुना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. तोही नापास झाला तर ते पुस्तक दुसरंच कुणीतरी वाचणार होतं. ती दुसरी मला डोळ्यांपुढे दिसायलाही लागली होती. तिच्या घरात जाड पडदे होते आणि चिटपाखरू नव्हतं.

गिरणी म्हणजे आमचा कॉम्प्युटर. त्याच्या पाठीमागे वीज पुरवणारा जो एसएमपीएसचा डबा असतो, त्यातला पंखा सतत आजाऱ्यासारखा कण्हत असे. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत न्यावा, तर माइकची वायर पुरत नाही. लांब वायर जोडली, तर माइक सापडत नाही असं कॉम्प्युटरच सांगतो. लॅपटॉप होता, तो मागेच वारला; अ‍ॅडॉप्टर तेवढा मागे राहिला. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"हा आवाज फारच येतो ना हो बाबा?" मी सासऱ्यांना विचारलं.

"कुठला आवाज?"

"हा. घूं घूं."

बाबांनी मान तिरकी केली, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही गं. मनाचे खेळ."

आता हा माणूस सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला. लाइनीतली खरखर ऐकून तार कुठे ओली झालीय ते सांगायचे म्हणतात. त्यांना ऐकू येत नाही म्हटल्यावर मी गोंधळले. माझ्याच कानात भुंगा शिरलाय की काय? पण मग बाईंच्याही कानात तोच भुंगा कसा?

उपाय बाईंनीच सांगितला होता. म्हणे तो एसएमपीएस काढून टाका आणि डीसीवर चालणारी छोटी पट्टी बसवा. काडेपेटीएवढी असते, मदरबोर्डच्या लांब सॉकेटमध्ये सरळ जाऊन बसते, पंखा नाही, आवाज नाही. ऐकायला सोपं होतं. नवऱ्याला विचारलं, तर तो जेवणाचा डबा घेऊन कामावर निघता निघता म्हणाला, "तुला बरी वाटेल ती घे." पडदे घेतानाही तो हेच म्हणतो.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला आम्ही घरात 'येईल' म्हणतो, कारण काहीही मागितलं तरी त्याचं उत्तर तेच. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे पट्ट्या होत्या, आणि एक नाही, तीन. तिन्ही हिरव्या, तिन्ही सारख्याच, तिळ्या बहिणींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवावेत तशा.

"इनपुट किती व्होल्टचं हवं?" त्यानं विचारलं.

"इनपुट म्हणजे कॉम्प्युटरच्या आत जाणारं?"

"नाही, पट्टीच्या आत जाणारं."

"मग कॉम्प्युटरच्या आत जाणारं काय?"

"ते आउटपुट."

मी पिशवीतून वारलेल्या लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर काढला; पट्टीला डीसी तोच देणार होता. त्याच्या पाठीवरही इनपुट आणि आउटपुट दोन्ही लिहिलेलं. इनपुट दोनशे चाळीसपर्यंत! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "हे चालेल?" मी विचारलं, तर 'येईल' म्हणाला, "अहो, ते भिंतीचं." मग बराच वेळ मी एकदा अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहत होते आणि एकदा पट्टी. शेवटी उजेड पडला तो वेगळ्याच बाजूनं. माहेरची लेक तीच सासरची सून. अ‍ॅडॉप्टरच्या घरातून आउटपुट म्हणून निघते, तीच पट्टीच्या घरात इनपुट म्हणून शिरते. नाव बदललं म्हणून बाई काही बदलत नाही.

"बाराची न्या," 'येईल' म्हणाला. "सगळे बाराचीच नेतात."

"पण माझा अ‍ॅडॉप्टर एकोणीसचा आहे."

त्यानं अ‍ॅडॉप्टर डोळ्यांजवळ धरला. "हां. मग बाराचीचे बारा वाजतील."

दुसरी पट्टी बारापासून पंचवीसपर्यंत काहीही पोटात घेणारी होती. तिसरीही तशीच, पण जास्त वॉटची. जास्त म्हणजे चांगली का? की पंखा नसल्यामुळे जास्त तापणारी? 'येईल'ला विचारलं तर म्हणाला, "दोन्ही चांगल्या." असल्या माणसांचा मला भयंकर राग येतो. आमच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आतला प्रोसेसर गरीब स्वभावाचा, त्याला पंखासुद्धा लागत नाही. एवढ्या आधारावर मी मधली उचलली आणि जीव मुठीत धरून घरी आले.

आणि घरी आल्यावर अ‍ॅडॉप्टरची पिन पट्टीच्या सॉकेटात जाईना. दिसायला दोघं अगदी एकमेकांसाठी जन्मलेले, पण जाईना. शुक्रवारची दुपार होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला चक्क रडू आलं.

"आण इकडे," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, पट्टी तळहातावर ठेवली आणि विचारलं, "हिला अठ्ठेचाळीस कुठून देणार?"

"अठ्ठेचाळीस नाही बाबा, एकोणीस."

"डीसी म्हणजे अठ्ठेचाळीस."

"एक्स्चेंजमध्ये. इथे एकोणीस."

"साठ? साठ कसे चालतील!"

मी हातवारे करून एकोणीस सांगितलं. बाबांना ते काही पटलं नाही, पण हात मात्र तरुण माणसासारखे चालायला लागले. पिन कापली, वायर सोलली. बाहेर तांब्याची जाळी, आत एक बारीक तार. पट्टीच्या लाल आणि काळ्या वायरींना ती दोन टोकं पिळून जोडली, वर टेप गुंडाळली. इतकं सुबक काम पाहून माझा धीर वाढला. मी अ‍ॅडॉप्टर भिंतीत लावला. त्याचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला.

पट्टी जळाली? अ‍ॅडॉप्टर गेला? की मी चुकीची बहीण घरी आणली?

"बाबा, प्लस कुठे जोडलंत?"

"आं?"

"प्लस! प्लस कुठे?"

"जमिनीला. आणखी कुठे जोडणार?" बाबा जरा रागावूनच म्हणाले. "बाहेरची जाळी म्हणजे जमीन. जमीन म्हणजे प्लस. प्लस म्हणजे लाल."

एक्स्चेंजमध्ये प्लस जमिनीला असतं, त्यामुळे पुरलेल्या तारा सडत नाहीत, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं. जगात बाकी सगळीकडे उलटं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

मी टेप सोडली, टोकांची अदलाबदल केली. बाबा "चूक करतेस" म्हणत राहिले. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी हुश्श करून खाली बसले.

"बघ," बाबा लगेच म्हणाले. "आवाज गेला की नाही? कसं शांत वाटतंय!"

कॉम्प्युटर अजून मी चालू केलाच नव्हता. नुसता अ‍ॅडॉप्टरचा दिवा लागला होता. आवाज जायला तो आधी असावा तरी लागतो. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे हसून बघत होते, उत्तर माझ्या ओठांवर शोधत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. साठ. मनाचे खेळ. दरवेळचं "आं?" आम्ही सगळे त्याला हेकटपणा म्हणत आलो होतो.

"हो बाबा," मी म्हणाले. "गेला."

जुना डबा काढून पट्टी मदरबोर्डवर बसवली आणि बटण दाबलं. पडदा उजळला आणि खरंच काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बाबा मला वाचता यावं म्हणून आपणहून आतल्या खोलीत गेले. मी दार लावलं आणि पहिलं पान वाचलं. इतकं मनासारखं मी कधीच वाचलं नव्हतं.

मग हेडफोन लावून ऐकायला बसले. घूं घूं नव्हतं. पण वाक्य संपलं की मागच्या शांततेत कुणीतरी बोलत होतं. मी आवाज वाढवला. दाराआडून, त्यांच्या मते अगदी मनातल्या मनात, बाबा बोलत होते. "गप्प बस. एक शब्द काढू नकोस. तिचं काम चाललंय." माझं पुढचं वाक्य. आणि पुन्हा, "खोकू नकोस. गप्प बस म्हटलं ना."

पंख्याच्या आवाजाखाली हे किती दिवस झाकलेलं होतं, देव जाणे. मला हसू आलं. नमुना तर पुन्हा करणं भाग होतं. पण काय सांगणार? तुम्ही मनात बोलता ते जगाला ऐकू येतं?

मी दार उघडलं. "बाबा, इकडे येऊन बसा. माझ्याजवळ." हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि माइकसमोर बसून पहिलं वाक्य वाचलं.

बाबा दचकले. दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी दाबून धरला. मी दुसरं वाक्य वाचलं, तिसरं वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसतही नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मग इतकी वर्षं तू एवढं हळू का बोलत होतीस?"

"चुकलंच बाबा," मी माइकमध्ये म्हणाले. "आता अशीच बोलेन."

त्यांनी मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.