मीटरमधला हिरवा उजेड

"आजी, वाजला! वाजला! खाली ये!"

सकाळचे नऊ वाजले होते. मी कुकर गॅसवर चढवून नुकती टेकले होते. खालून गाण्याचा आवाज आला आणि त्याहून मोठा नातीचा. मी पायऱ्या उतरत धावले. धावले म्हणजे माझ्या वयाची बाई धावते तशी, कठड्याला धरून.

या नातीला घरात सगळे ठिणगी म्हणतात. पाच वर्षांची असताना तिने इस्त्रीची पिन उघडून अख्ख्या घरात अंधार केला होता, तेव्हापासूनचं नाव. आता ती गुरांची डॉक्टर झाली होती आणि उद्या सकाळी आठला तिला लांबच्या गावी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणजे आज संध्याकाळीच निघायला हवं होतं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, स्वतःची गाडी हवी. गोठे चार दिशांना, बस कुठल्याच गोठ्यापर्यंत जात नाही. म्हणून तिने आजोबांची पाच वर्षं झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढली, धुतली, चालती केली, आणि काल दिवसभर खपून तिच्यात नवा रेडिओ बसवला. स्वतः. कुणाला न विचारता.

"आता दिवे लावून दाखवते," म्हणत तिने बटण फिरवलं. पुढचे मोठे दिवे लागले. पण डॅशबोर्ड काळाठिक्कर. वेग दाखवणारा काटा दिसेना, पेट्रोलचा दिसेना.

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाबा, कामावर निघालेला. तो गाडीच्या खिडकीतून वाकून बघत होता.

"झाला उद्योग?" तो म्हणाला. "परवापर्यंत लागत होते ना हे?"

"लागतील हो बाबा. एखादी वायर असेल."

"शेवटचे दोन तास रस्ता अंधारातला आहे. किती वेगात चाललीस ते न बघता जाणार? मी पाचला येतो. तोवर मीटर उजळला तर गाडी तुझी. नाही उजळला तर किल्ली माझ्या हातात, आणि तू त्यांना फोन करून सांगायचं की मला जमणार नाही."

तो गेला. ठिणगी माझ्याकडे बघायला लागली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि मला, खरं सांगते, अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं.

कारण मी बावीस वर्षं गाड्यांचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात तिसऱ्या बाकावर काढलीत. आम्ही चौदा बायका होतो. मटारच्या दाण्याएवढे दिवे मीटरच्या पाठीत बसवायचे, मीटर तपासणीच्या पेटीला जोडायचा, आणि पेटीवरचं बारकं चाक अंगठ्याने वर सरकवायचं. हळूहळू हिरवा उजेड पसरायचा. हजारो वेळा पाहिला, तरी दर वेळी छान वाटायचं. आमच्या मुकादमबाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यातून त्या जेवणाच्या सुट्टीची शिट्टी मारायच्या. शिट्टी झाली की आधी चाक खाली, मग उठायचं. चाक वर ठेवून उठलेल्या बाईची त्या दिवशी खैर नसायची.

"सरक," मी नातीला म्हटलं.

"तुला येतं?"

"तुझा बाप माझ्या पोटात होता तेव्हा मी मीटर तपासत होते. सरक."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले, चष्मा सारखा केला, डॅशबोर्डखाली चाचपायला लागले. तेवढ्यात वरून कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी उठले, वर जाऊन गॅस बंद केला आणि परत आले.

"आता मागे जाऊन बघ," मी म्हटलं. "लाल दिवे लागलेत का?"

ती मागे गेली. "नाहीत! दोन्ही नाहीत!"

"झालं तर मग. मीटरचे दिवे आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर असणार. फ्यूज उडालाय."

तिने फ्यूजची पेटी उघडली. एका लाल फ्यूजमधली तार खरंच जळली होती. पेटीच्या झाकणात तीन जादा होते. तिने एक लावला, दिवे लावले, आणि टक् झालं. गेला.

"फ्यूज जुना असेल," म्हणत तिने लगेच दुसरा लावला. टक्. तोही गेला.

"बाई गं, थांब!" मी तिचा हातच धरला. "एकच उरलाय."

एवढ्यात शेजारचे शिंपीकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले. कुणाची गाडी बंद पडली की यांचं शिवणयंत्र आपोआप बंद पडतं.

"वहिनी, सोपं आहे. त्या फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळा. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं होतं."

"आणि मेव्हण्याची गाडी कुठे आहे आता?"

काका जरा घुटमळले. "जळली. पण दिवे लागले होते हो."

ठिणगी खो खो हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"काका, त्यापेक्षा काळं अस्तर आणा," मी म्हटलं. "या उन्हात मीटर लागला तरी दिसायचा नाही."

मग आम्ही रेडिओ बाहेर ओढला. मागे वायरींचा गुंता, वर सगळीकडे तिची काळी टेप. मी एकेक वायर विचारत गेले. ही कशाला? बॅटरीला. ही? स्पीकरला. आणि ही केशरी?

"ती उरली होती," ती म्हणाली. "कशाची ते कळेना. मग काळ्या वायरींच्या जुडग्यात बांधून टाकली. लोंबत राहण्यापेक्षा बरी."

"अगं माझे बाई! काळी वायर गाडीच्या पत्र्याला जाते. या केशरीतून दिव्यांची वीज येते. तू वीज थेट पत्र्यात सोडलीस. फ्यूज उडणार नाही तर काय नाचणार?"

तिने कपाळावर हात मारला. केशरी सोडवली, तिच्या टोकाला वेगळी टेप गुंडाळली. या सगळ्यात साडेचार वाजले. जेवायची शुद्ध नव्हती. काकांनी काळं अस्तर काचांवर पसरलं आणि चारी बाजूंनी टाचण्यासुद्धा लावल्या. शेवटचा फ्यूज तिने देवाचं नाव घेऊन बसवला. बटण फिरवलं. टक् झालं नाही.

"लागले!" काका मागून ओरडले. "दोन्ही लाल दिवे लागले!"

आम्ही दोघी अस्तराखाली डोकं घालून बसलो होतो. समोर मिट्ट काळोख. मीटर मेलेलाच.

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता काय राहिलं गं?"

मला खरंच सुचेना. वायर नीट, फ्यूज नीट. मीटरमधले सगळे दिवे एकदम जळाले? आठही? असं होत नाही. तोवर बाहेर मुलाच्या स्कूटरचा आवाज आला. त्याने अस्तर उचललं, आत बघितलं. किल्लीसाठी तळहात पुढे केला. ठिणगीने किल्ली काढायला हात नेला.

"थांब," मी म्हटलं. "मला एकदा त्या जागेवर बसू दे."

"आई, आता पुरे. सकाळपासून उपाशी आहात दोघी."

"सकाळीही बसले होते. पण कुकरची..."

आणि मला एकदम आठवलं. कुकरची शिट्टी! शिट्टी झाली आणि मी उठले. पण उठण्याआधी?

मी तिला बाजूला सारून बसले. स्टिअरिंगच्या शेजारी, माझ्या अंगठ्याला बरोबर सापडेल तिथे, एक बारकं दातेरी चाक होतं. पार खाली गेलेलं. मी ते वर सरकवलं.

अस्तराखाली हिरवा उजेड हळूहळू पसरला. काटे दिसले, आकडे दिसले, नातीचं रडवेलं नाक हिरवं दिसलं.

"आजी!" ती इतकी जोरात ओरडली की काकांच्या दोन टाचण्या निसटल्या. "हे चाक याचं आहे? मला वाटलं पुढच्या दिव्यांचं आहे. पण मी हातच लावला नव्हता!"

"मी लावला," मी म्हटलं. "सकाळी. शिट्टी झाली की चाक खाली, मग उठायचं. बाक सोडून तीस वर्षं झाली, अंगठ्याला कुणी सांगितलंच नाही."

माझा मुलगा गाडीच्या टपावर हात आपटून हसायला लागला. "आणि मी पोरीची नोकरी घालवायला निघालो होतो!" हसता हसता त्याने खाली वाकून उजळलेला मीटर बघितला, नीट, बराच वेळ. मग पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. "सावकाश जा," तो म्हणाला. "पोचलीस की फोन कर. आणि आधी दोन घास खा."

ती निघाली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. दिवे मुद्दाम लावूनच निघाली. मी तिच्या गालाला हात लावावा म्हणून खिडकीतून आत वाकले, तशी ती म्हणाली, "एक मिनिट हं." खिशातून काळी टेप काढली, दातांनी एक तुकडा तोडला आणि त्या चाकावर घट्ट चिकटवला.

"आता दे आशीर्वाद," ती म्हणाली.