मेव्हण्याचा डावा हात

मेव्हण्याचा डावा हात मोडायचा, हे कटरने सकाळी चहा पितानाच ठरवलं होतं. फक्त त्याआधी त्याच्याकडून लॅपटॉप नीट करून घ्यायचा होता.

कटर म्हणजे गॅसच्या ज्योतीने जुन्या गाड्या कापणारा. भंगाराच्या त्या आवारात त्याला सगळे कटरच म्हणत, सासूसुद्धा. आवार मूळ सासऱ्याचं. सासरा गेल्यावर तिघांनी मिळून चालवलं. कटर गाड्या कापायचा, मेव्हणा क्रेनवर बसायचा आणि कटरची बायको, म्हणजे मेव्हण्याची थोरली बहीण, खाली उभी राहून क्रेनला खुणा करायची. क्रेनला आकड्याऐवजी मोठं चुंबक होतं. डाव्या हाताकडचा दांडा ओढला की चुंबकातला जीव जातो आणि लटकलेली गाडी खाली पडते. रीत अशी, की खालच्याने आधी बाजूला व्हायचं, मग हात वर करायचा, मग वरच्याने दांडा ओढायचा. या भावंडांनी ती उलटी करून ठेवली होती. ती आधी हात वर करायची आणि मग उडी मारायची. हात दिसला की तो दांडा ओढायचा. गाडी आदळायची तेव्हा ती पलीकडे उभी असायची, कमरेवर हात ठेवून, जशी काही तिथंच जन्मली. ट्रकवाले बघून शिव्या हासडायचे. ती म्हणायची, लहानपणापासून एकत्र खेळलोय, आमची बोटं जुळलेली आहेत, तुमच्या पोटात का दुखतं?

मग एक दिवस गाडी पडली आणि ती पलीकडे नव्हती.

चौकशी झाली. अपघात असं लिहून कागद मिटले. जो विचारेल त्याला मेव्हणा एकच सांगायचा, ताईने हात वर केला होता. कटरच्या गळी ते उतरत नव्हतं. इतकी वर्षं जी उडी चुकली नाही, ती त्या दिवशीच कशी चुकेल? यानेच हात दिसायच्या आधी दांडा ओढला. लक्ष दुसरीकडे असणार. आणि आता मेलेल्या बहिणीवर ढकलून मोकळा झाला.

लॅपटॉप तिचाच होता. लहानपणी दोघं भावंडं टीव्हीला खेळाचा डबा जोडून मारामारीचा एक खेळ खेळायची. डबा कधीच भंगारात गेला. तोच खेळ लॅपटॉपवर चालावा म्हणून मेव्हण्याने तिला इम्युलेटर टाकून दिला होता, म्हणजे लॅपटॉपला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. शेवटच्या पैलवानाशी तिची लढत अर्धी राहिली होती आणि तिथंच ती जपून ठेवली होती. कटरला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घरातल्या तिच्या सगळ्या वस्तू गप्प पडल्या होत्या आणि ही एकच अजून हलत होती. ती त्याला बघायची होती. त्याने कपाटातून लॅपटॉप काढून चालू केला, तर खेळ पाण्याखाली चालल्यासारखा. ठोसा निघायचा तो पोचेपर्यंत जांभई यावी. आवाज तर नाहीच.

आवाराला त्या दिवशी सुट्टी होती. मेव्हणा दुपारी हत्यारांच्या खोलीत आला तो लॅपटॉप बघायला म्हणून. खोलीत मधोमध लोखंडी बाक, बाकाला व्हाईस बसवलेला, लोखंड दाबून धरायचा. मेव्हण्याने लॅपटॉप बाकावर ठेवला, खेळ चालू केला आणि म्हणाला, जुनं मशीन आहे दाजी, जाऊ द्या, आता खेळणार कोण आहे?

कटरने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मेव्हणा बाकावर कोसळला. सावरायच्या आत दुसरा कानाखाली बसला, आणि गुडघा पोटात. मेव्हणा काही लेचापेचा नव्हता, पण कटरचे हात आयुष्यभर लोखंड उलथत आलेले. त्याने मेव्हण्याचा डावा पंजा धरला, व्हाईसच्या जबड्यात घातला आणि दांडी फिरवली. मेव्हण्याच्या घशातून आवाज निघाला आणि त्याने तो स्वतःच गिळला. घर भिंतीला लागूनच होतं, पुढच्या खोलीत त्याची आई झोपली होती.

“दांडा आधी ओढलास,” कटर म्हणाला. “एवढं म्हण.”

“ताईने हात वर केला होता.”

कटरने आणखी फिरवलं. मेव्हणा खाली बसायला गेला, पण पंजा अडकला होता, बसताही येईना.

“बरं,” कटर म्हणाला. “उजवा मोकळा आहे ना? मग हे नीट कर.”

“नीट झालं तर सोडाल?”

“आधी होऊ दे.”

मेव्हण्याने बाहीने नाकातलं रक्त पुसलं आणि उजव्या हाताने कामाला लागला. दुसरं करणार काय? आधी चार्जर लावायला सांगितला. नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप कंजूष होतो, ताकद राखून ठेवतो. कटरने चार्जर लावला. मेव्हण्याने पूर्ण ताकदीचा पर्याय निवडला आणि खेळ उघडला. पैलवान तसाच रेंगाळत होता. कटरने दांडीला हात लावला. मेव्हणा घाईघाईने म्हणाला, थांबा, पंखा तुंबला असेल, मशीन तापलं की आपोआप हळू होतं. लॅपटॉप बंद करून पालथा घातला. स्क्रू कटरलाच काढावे लागले, कारण एका हाताने ते होत नव्हतं. इतक्या वर्षांची धूळ आत साठली होती. मेव्हणा सांगत गेला तसा कटर करत गेला. पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नळीची हवा लांबून मारा, नाहीतर गरगरून मोडेल. कुणी दारातून बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, दाजी आणि मेव्हणा किती गोडीने काम करताहेत. फक्त बाकावरून खाली रक्त ठिबकत होतं.

झाकण लागलं. खेळ पुन्हा उघडला. फरक शून्य.

या वेळी कटरने विचारलंसुद्धा नाही. दांडी फिरवली आणि मेव्हण्याच्या बोटात काहीतरी तुटल्याचं दोघांनीही ऐकलं. मेव्हण्याने कपाळ बाकावर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि दात आवळून कण्हत राहिला. कटर त्याच्या मानेशी वाकला.

“खोटं का होईना, म्हण. म्हणालास तर सोडतो.”

मेव्हणा ओठ चाटून म्हणाला, “ताईवर खोटं बोलणार नाही. दुसरा हात पण घ्या पाहिजे तर.”

कटरला हे अपेक्षित नव्हतं. मार खाणारा माणूस कधी बोलतो हे त्याला ठाऊक होतं. याची बोलायची वेळ कधीच उलटून गेली होती. तो चिडून म्हणाला, मग कर पुढचं.

मेव्हण्याने चित्राचा आकार कमी केला, की मशीनवरचा भार हलका व्हावा. खेळ चित्रांच्या जड कामासाठी असलेल्या वेगळ्या चिपवर टाकला. फरक पडला नाही. तेव्हा तो पडद्याकडे बघत राहिला. कटरला वाटलं, याची शुद्ध हरपतेय, म्हणून त्याने त्याला हलवलं.

“पंखा ऐका,” मेव्हणा म्हणाला.

“काय ऐकू?”

“वाजत नाहीये. मशीन आरामात आहे. दमलेलं मशीन अडखळतं, दाजी, मध्येच पळतं, मध्येच थांबतं. हे अडखळत नाहीये. एका चालीने चाललंय. हे बिघडलेलं नाही, याला कुणीतरी हळू चालायला सांगितलंय.”

त्याने सेटिंग उघडलं. एका हाताने पडद्यावरचा बाण भलतीकडेच जायचा. शेवटी सापडलं. त्या एका खेळापुरता वेग शंभरावरून साठावर आणलेला होता. खाली आवाजही हाताने बंद केलेला. वेग कमी केला की आवाज फाटतो, ओढल्यासारखा येतो, हे मेव्हण्याने सांगितलं.

“तूच केलं असशील.”

“प्रोग्रॅम टाकून दिला त्या दिवसापासून मी याला शिवलो तरी का? तुमच्याच कपाटात होता.”

ते खरं होतं. कटरला आठवलं, शेवटी शेवटी ती खेळताना हेडफोन घालायची. त्याला वाटायचं, आपली झोप मोडू नये म्हणून. पडदाही भिंतीकडे करून बसायची. म्हणजे ती कानाला काहीच न वाजणारा हेडफोन लावून बसत होती.

“का केलं असेल?” त्याने विचारलं. विचारताना त्याचं त्यालाच कळलं होतं.

मेव्हण्याने वेग शंभर केला, आवाज चालू केला आणि तिची अर्धी लढत सुरू केली. खोलीत एकदम दणदणाट झाला. शेवटचा पैलवान वीज पडावी तसा, ती खेळात जिला लढवायची त्या मुलीवर तुटून पडला, तिला उचलून आपटलं, पुन्हा उचलून आपटलं. हा खेळ ती एकेकाळी गप्पा मारत, भावाला चिडवत जिंकायची.

कटरला सगळं ओळीने दिसायला लागलं. तिच्या कामाच्या कोटाची बटणं काढून चेन लावून आणली होती ती त्यानेच, बटणांचा वैताग येतो म्हणाली होती म्हणून. नाडीचे बूट जाऊन बिननाडीचे आले होते. एकदा पायरीवरून पडली तेव्हा पाय झोपला होता म्हणून हसली होती, आणि तोही हसला होता. तिचे हातपाय मंद होत चालले होते. तिला ते माहीत होतं. तिने खेळाचा वेग कमी केला. पडणाऱ्या गाडीचा कसा करणार होती?

“सोडा,” मेव्हणा म्हणाला.

कटरने दांडी उलटी फिरवली. पंजा निघाला तो काळानिळा, मधली दोन बोटं भलत्याच दिशेला. मेव्हण्याने तो छातीशी धरला, उजव्या हाताने बाकावरचा मोठा पाना उचलला आणि कटरच्या बरगडीत घातला. मग खांद्यावर. मग भुवईवर, तिथली कातडी फाटली आणि कटरचा डोळा रक्ताने भरला. कटरने हात वर केले नाहीत.

“तुम्ही तिच्याशेजारी झोपत होता,” मेव्हणा म्हणाला आणि पुन्हा मारलं. “आणि ती मला सांगत नाही. मला. मी वर दांडा धरून बसलोय आणि ही सांगत नाही.”

पाना त्याच्या हातातून सुटला तेव्हाच तो थांबला. लॅपटॉपवर खेळातली तिची मुलगी हरून पडली होती आणि पैलवान नाचत होता. कटरने झाकण मिटलं.

दवाखान्यात कटरने गाडी एका डोळ्याने चालवत नेली. मेव्हण्याने हात कटरच्याच शर्टात गुंडाळला होता. वाटेत एका खड्ड्यात मेव्हण्याने कटरच्या आईबापाचा उद्धार केला.

डॉक्टरने पंजा बघून विचारलं, कसं झालं?

“लोखंड पडलं,” मेव्हणा म्हणाला.

“मी व्हाईसमध्ये दाबला,” कटर म्हणाला.

डॉक्टरने एकाचा हात बघितला, दुसऱ्याची भुवई बघितली आणि म्हणाला की हे पोलिसांना कळवावं लागेल. मेव्हणा म्हणाला, कळवा, पण आधी हाड बसवा. मदतनीस जेवायला गेला होता. डॉक्टरने कटरलाच सांगितलं, मनगट घट्ट धरा, हात हलला तर हाड वाकडं बसेल. कटरने दोन्ही हातांनी धरलं.

“आईला काय सांगायचं?” मेव्हण्याने विचारलं.

“मी सांगतो.”

“हाताचं की ताईचं?”

“दोन्ही,” कटर म्हणाला, आणि डॉक्टरने बोट ओढलं.