केसभर डावीकडं

सटवाजींनी लोखंडी चकतीवर खडू घासला, कंपासचा वाकडा पाय कडेला टेकवला आणि चार बाजूंनी चार कमानी ओढल्या. मध्ये नखाएवढा चौकोन उरला. त्याचा मध्य डोळ्यानंच धरून त्यांनी खिळ्यासारखा टोकदार पंच ठेवला आणि हातोडीचा हलका ठोका दिला.

पिंगळीच्या सुग्रीवला पिठाच्या गिरणीसाठी दोन पुल्या हव्या होत्या. जुनी फार नाचते, अशी त्याची तक्रार होती. मग लग्न लावून दे तिचं, असं सटवाजींनी त्याला सुनावलं होतं.

"बघ गं माय, मधोमध हाय का?"

शाळेत शिकवायला निघालेली दैवशाला वाकली. ठिपका केसभर डावीकडं होता. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या डोळ्यांत धुकं उतरलं, तेव्हापासून तो कुठं ना कुठं सरकलेलाच असायचा.

"हाय, आबा."

ते चहाला आत गेले. पूर्णा स्टेशनात इंजिनाची शिट्टी होईपर्यंत ती थांबली. मग पंच तिरपा धरून तिनं ठिपका मध्यावर ओढला आणि पंच उभा करून खोल ठोका दिला. कळलं असतं तर त्यांनी हातोडी पुन्हा उचलली नसती. चहा संपवून आलेल्या सटवाजींनी त्याच खुणेवर भोक पाडलं आणि पुली दांड्यावर फिरवून बघितली. ती जराही डुलली नाही. ते खूश झाले. दुसऱ्या चकतीवरही त्यांनी ठिपका दिला. भोक उद्या पाडू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्यानं सुग्रीव राहिलेली पुली मागायला आला, तेव्हा दैवशालानं दुकान उघडलं. चकती होती तिथंच होती. कुसुमबाई चहा घेऊन आल्या. लेकीच्या हातातला पंच बघून त्या हसू लागल्या.

"शिट्टीची वाट बघायलीस का? ठोका तर आत चुलीपाशी ऐकू यायचा. तुझा ठोका पडंस्तोवर ह्यांचा चहा संपायचा न्हाई. मी म्हणायचे, आता उठा. म्हणायचे, थांब, पोरगी मध्य धरायलीय."

दैवशालाही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. चकतीवरचा तो हलका ठिपका तिनं पुन्हा एकदा नीट पाहिला.

"न्हाई, आबा," ती मोठ्यानं म्हणाली, "केसभर डावीकडं हाय."

आणि तिनं पंच तिरपा धरला.