तिसऱ्या बाकावरची शांती

अकरा वर्षं त्या दोघी जावा एकमेकींशी आठवड्यातून दोनच शब्द बोलत होत्या, तेही रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत. "शांती असो." एकीने म्हणायचं, दुसरीने म्हणायचं, हात हातात द्यायचा आणि परत समोर बघायचं.

भांडण सासूच्या शिलाई मशीनवरून. सासू गेली तेव्हा थोरलीने वरचं मशीन उचललं आणि धाकटीने पायडलसकट खालचं टेबल. तेव्हापासून थोरली वेदीवरची कापडं हाताने चाक फिरवत शिवते आणि धाकटीच्या टेबलावर फुलझाडांच्या कुंड्या आहेत. देवळात सासूची जागा तिसऱ्या बाकावर. ती सोडली तर हरल्यासारखं होईल, म्हणून दोघी अकरा वर्षं तिथेच, मांडीला मांडी लावून.

बाकी देऊळही काही वेगळं नव्हतं. बेकरीवाला घड्याळजीचं तोंड बघत नव्हता. गायनवृंदात दोन तट होते आणि दोन्ही तट एकच गाणं दोन वेगांत म्हणत. पण रविवारी सगळे हजर. आपण नाही गेलो तर समोरच्याला वाटेल, याला तोंड दाखवायला लाज वाटते.

मग नवे फादर आले. ताजे, तरुण, देवाचं काम आठवड्याभरात उरकायच्या तयारीचे. त्यांनी प्रवचनात ठणकावलं, "मनात अढी ठेवून शांतीचा हात देणं हे ढोंग आहे. पुढच्या रविवारपासून ज्याचं मन साफ आहे त्यानेच हात पुढे करावा."

पुढच्या रविवारी शांतीची वेळ आली आणि सगळं देऊळ खांबासारखं उभं राहिलं. हात दिला तो फक्त एका नवविवाहित जोडप्याने, आणि त्यातही नवरा जरा घुटमळला. त्यानंतर बाक रिकामे व्हायला लागले. "मन साफ नाही, जाऊन काय करू?" असं म्हणून लोक रविवारी सकाळी कूस बदलून झोपायला लागले. झोपेला इतकं धार्मिक कारण आजवर कुणाला सापडलं नव्हतं.

चौथ्या रविवारी धाकटी आली नाही. अख्खा बाक आपल्याला मिळाला म्हणून थोरली पाय पसरून बसली. पाचव्या रविवारीही ती आली नाही, तेव्हा मात्र थोरलीचं प्रार्थनेत लक्ष लागेना. त्या एका हातावरून तिला सगळं कळायचं. ताप असला की हात गरम लागायचा. दीर वारले त्या आठवड्यात तो सुटेना, तेव्हा थोरलीनेही तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला होता. हल्ली बोटातली अंगठी सैल झाली होती. बाई एकटी राहते, जेवते की नाही देव जाणे. आणि आता विचारायची सोय नाही. थोरलीला फादरांचा मनस्वी राग आला.

इस्त्री केलेली कापडं घेऊन ती देवळाच्या मागच्या खोलीत गेली.

"फादर, ऑर्गनवाल्याशी तुम्ही बोलता का हो?"

फादर लाल झाले. मिस्सा लांबते म्हणून त्यांनी त्याची दोन गाणी कापली होती, आणि तेव्हापासून दोघांचा कारभार चिठ्ठ्यांवर चालला होता. "तो वेगळा विषय आहे."

"सगळ्यांचा वेगळाच असतो. अकरा वर्षं आम्ही ढोंग केलं, फादर. आमच्याकडे तेवढंच होतं. तेही तुम्ही काढून घेतलंत."

तिने कापडं फादरांच्या हातात ठेवली. ती तिथून निघाली ती थेट धाकटीच्या दारात. धाकटीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. आत टेबलावर कुंड्या दिसत होत्या.

"रविवारी येत जा."

"माझं मन साफ नाही, जाऊबाई."

"माझं तरी कुठे आहे? मशीन मी देणार नाहीच."

"मागतंय कोण? टेबलही मिळायचं नाही."

"नको देऊस. पण ये. मी तिथे एकटी काय करू?"

धाकटीने दार लावून घेतलं.

रविवारी ती आली. उशिरा, मुद्दाम चपला वाजवत, आणि आपल्या जागी बसली. शांतीची वेळ झाली. फादर वेदीवरून उतरून ऑर्गनपाशी गेले आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून त्यांनी हात पुढे केला. ऑर्गनवाल्यानेही तसाच चेहरा करून तो घेतला. मग बेकरीवाला घड्याळजीकडे वळला आणि सगळं देऊळ कुरकुरत हलायला लागलं.

थोरलीने हात पुढे केला. "शांती असो. मनापासून नाही हं."

"मला तरी कुठे मनापासून हवीय," धाकटी म्हणाली आणि तिने हात दिला. हात गार होता, पार वाळला होता. अंगठी बोटात नव्हतीच.

"उद्यापासून जेवायला माझ्याकडे," थोरली समोर बघत पुटपुटली.

पुढची प्रार्थना सुरू झाली. लोक गुडघ्यांवर बसले. तिसऱ्या बाकावरच्या दोघींना जरा वेळ लागला, कारण दोघींचा एकेकच हात मोकळा होता.