जाळीत अडकलेला दात

फोनवर बाईने एवढंच सांगितलं होतं, "भांडी धुवायच्या मशीनला वास येतोय. आजच याल का? दुपारच्या आत." तिने 'दुपारच्या आत' वर जरा जास्तच जोर दिला, पण मेकॅनिकने ते मनावर घेतलं नाही. गिऱ्हाइकांना सगळंच आजच्या आज हवं असतं, हे पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं दार बेलवरून बोट उचलायच्या आत उघडलं. तिशीची बाई, अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, बोलताना तोंडावर हात. स्वयंपाकघर इतकं लखलखीत, की त्याला आपल्या मळक्या पिशवीची लाज वाटली. डिशवॉशरचं दार खाली ओढलं आणि नासक्या अंड्यासारखा भपकारा नाकात शिरला.

"काय काय करून बघितलंत, ताई?"

"सगळं. व्हिनेगरची वाटी ठेवून गरम पाण्यावर चालवलं, सोडा टाकला, लिंबं टाकली. दोन दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच." ती अडखळली. "ह्यांना वास चालत नाही. जेवताना आला की डोकं फिरतं त्यांचं."

त्याने गुडघे टेकले. रॅक काढल्या, पाणी फवारणारे पंखे सोडवले, त्यांच्या भोकांतला चिकटा काडीने टोकरला, दाराच्या रबराखालची बुरशी पुसली. मग तळाची जाळी फिरवून उपसली. चरबीचा पांढरा थर, बरणीवरच्या कागदाचा लगदा, हे नेहमीचंच. पण सोबत काचा होत्या, पुष्कळ, निरनिराळ्या रंगांच्या. आणि काचांच्या खाली दात होता. माणसाचा, मुळासकट.

त्याने तो अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला. बाईच्या तोंडावरचा हात का हटत नाही, ते आता त्याला कळलं.

"ताटात पडला असणार," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. मी सगळीकडे शोधला होता."

मेकॅनिकची धाकटी बहीण अशीच एकदा तोंड सुजवून माहेरी आली होती. 'तुमच्या घरातलं तुम्ही निस्तरा' असं म्हणून ह्यानेच तिला बसमध्ये बसवून परत धाडलं होतं. ती जगली, पण डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. त्या दिवसाचा विषय घरात कोणी काढत नसे, आणि हा तर मुळीच नाही.

त्याने मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. मागे बघताच दुखणं सापडलं. सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत पडली होती.

"हे बघा. ही नळी आधी वर बांधायची आणि मग खाली सोडायची. इथे सिंकमधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये शिरतंय. तुम्ही जन्मभर घासत बसला असतात तरी वास गेला नसता. तुमची ह्यात काडीची चूक नाही. बसवली कोणी?"

ती मटकन स्टुलावर बसली. "ह्यांनीच. बाहेरचा माणूस कशाला, म्हणाले." आणि ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा हलत होते.

दारात किल्ली फिरली आणि ते हसू जागच्या जागी थिजलं.

नवरा उंच होता, शर्टाला कडक इस्त्री. "आपण कोण?" त्याने अदबीने विचारलं. मेकॅनिकने सांगितलं. "वास का येत होता मग?"

"नळी चुकीची बसवलीय," मेकॅनिक म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं, पण जीभ थांबली नाही. "ज्याने बसवली त्याला काम येत नव्हतं."

नवऱ्याची नजर वर्तमानपत्रावर गेली. त्याने दात बघितला, काचा बघितल्या. "काय काय सांगितलंस गं ह्याला?" असं विचारत त्याने शांतपणे घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. मग बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड डिशवॉशरच्या उघड्या दारावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. पत्र्यावर रक्ताची पिचकारी उडाली.

मेकॅनिकला नंतर आठवत होतं ते एवढंच, की आपण त्याच्या पाठीवर होतो. दोघेही फरशीवर कोसळले. नवरा तरणाताठा, हा पन्नाशीचा. पहिल्या ठोशात ह्याची भुवई फुटली, दुसऱ्यात श्वास कोंडला. उठायला म्हणून त्याने हात टेकला, तर नवऱ्याने त्या पंजावर बुटाची टाच दिली आणि भार टाकून पिळली. हाडं मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला.

"दुसऱ्याच्या घरात येतोस?" नवरा म्हणाला आणि त्याने मेकॅनिकच्या पिशवीतला पान्हा उचलला.

पान्हा खाली आलाच नाही. बाईने बिडाचा तवा दोन्ही हातांनी धरून त्याच्या खांद्यावर घातला होता. तो वळला तेव्हा दुसरा घाव गुडघ्यावर बसला आणि तो आडवा झाला. तिने तवा तिसऱ्यांदा उचलला, ह्या वेळी डोक्याचा नेम धरून.

"ताई, बस," मेकॅनिक म्हणाला. "बस झालं. चला इथून."

मग तिने तवा सिंकमध्ये टाकला आणि मेकॅनिकला बगलेत धरून जिन्यापर्यंत नेलं. समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने दार उघडलं, दोघांना आत घेतलं, कडी लावली आणि पोलिसांना फोन केला. पलीकडे नवरा एका पायावर लंगडत दारावर लाथा घालत होता. पोलीस येईपर्यंत घालतच होता.

खटला सात महिने चालला. मेकॅनिकने साक्ष दिली. नवऱ्याच्या वकिलाने त्याला लुच्चा ठरवायचा आटापिटा केला, पण तो जबानीवरून तसूभर हलला नाही. नवऱ्याला शिक्षा झाली. बाई थोरल्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिथेच एका छापखान्यात कामाला लागली. मेकॅनिकच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुरती मिटेनात. बारीक स्क्रू घट्ट करायला तो आता डावा हात वापरतो.

पहिले दोन महिने तर शर्टाची बटणंही त्याची बायकोच लावायची, आणि लावता लावता रोज तोंडाचा पट्टा चालू.

"गावातले सगळे मेकॅनिक मेले होते का? तुलाच बरं नाक खुपसायला सुचलं."

तो हनुवटी वर करून उभा राहायचा. एके सकाळी तिने शेवटचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि हात तिथेच ठेवला.

"गुडघ्यावर जोरात बसला होता ना तवा?"

"जोरात," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.